विश्लेषण : कुष्ठरोगावर रानफळाचे तेल! डॉ. भाऊ दाजी लाड यांचा प्रयोग अर्धवट का राहिला?

कुष्ठरुग्ण शोध मोहीम सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावांत आशा सेविका घरोघरी जातात. अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का, एवढेच विचारतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा पट्टा या आजारासाठी आजही जोखमीचा मानला जातो. निदान झाले तर गोळ्यांची पाकिटे मोफत मिळतात आणि ६ ते १२ महिन्यांत उपचार पूर्ण होतात. दीडशे वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. तेव्हा मुंबईतील एका मराठी डॉक्टरने एका रानफळाच्या बियांवर भरवसा ठेवला होता.

भाऊ दाजी कोण होते?

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२, गोव्यातला. घरची परिस्थिती बेताची. मुंबईत शिकले आणि १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये डॉक्टर झाले. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघे गरिबांना मोफत औषध देत. भाऊ दाजी दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, शिलालेख वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचेच नाव आहे. मात्र तिथे जाणाऱ्या अनेकांना ते डॉक्टर होते, याचीही कल्पना नसते.

ते या तेलाकडे कसे वळले?

इंग्रजी वैद्यक शिकलेला हा माणूस संस्कृतचा पंडित होता. जुन्या ग्रंथांतील औषधे खरेच गुण देतात का, हे रुग्णांवर पडताळून पाहायचे, हा त्यांचा ध्यास. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाचे तेल सांगितले आहे आणि ते झाड पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यालगत वाढते, असा पत्ताही दिला आहे. हे वर्णन कडू कवठाला जुळते. कोकण आणि सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या या झाडाला खष्ट असेही म्हणतात. फळ विषारी, ते पाण्यात टाकून मासे धरत. याच्या बियांचे तेल हेच भाऊ दाजींचे औषध होते, असे मानले जाते. कलकत्त्यात फ्रेडरिक मोआट यांनी याच कुळातल्या चौलमुग्राच्या तेलाचा अनुभव १८५४ मध्ये प्रसिद्ध केला होता.

अशा औषधाची चाचणी कशी होते?

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतही वनस्पतीचा अर्क तपासता येतो. जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात. भोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, तर अर्काने जिवाणू रोखले. कुष्ठरोगाबाबत हा मार्ग बंद आहे, कारण त्याचा जिवाणू कृत्रिम माध्यमात आजही वाढवता आलेला नाही. भाऊ दाजींच्या काळी तर जिवाणूचा पत्ताच नव्हता. रोग संसर्गजन्य नाही, असा निर्वाळा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये दिला होता! नॉर्वेच्या हॅन्सन यांना जिवाणू दिसला १८७३ मध्ये, भाऊ दाजींच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी.

त्यामुळे त्यांच्या हाती एकच साधन होते, ते म्हणजे रुग्ण. तेल द्यायचे, चट्टे आणि जखमा पाहत राहायचे. यात फसगत सोपी असते. कुष्ठरोग कधी औषधाविनाही ओसरल्यासारखा वाटतो, आणि त्वचेचे दुसरे विकारही कुष्ठ समजले जातात. औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना करण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

टीका कशावरून झाली?

गुप्ततेवरून. औषधाची चर्चा शहरभर होती, पण तेल कसे काढायचे, किती आणि किती दिवस द्यायचे, याची सविस्तर कृती त्यांनी प्रसिद्ध केली नाही. खात्री होईपर्यंत थांबण्यात तर्क होता, हे मान्य करायला हवे. अपुऱ्या अनुभवावर आशा दाखवणे हाही रुग्णांवर अन्यायच. पण कृतीच ठाऊक नसेल तर दुसरा डॉक्टर ती पडताळणार कशी? प्रयोग त्यांच्या दवाखान्याबाहेर जाऊ शकला नाही. त्यात १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांचा पैसा बुडाला, पुढे पक्षाघाताने गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

तेलाचे पुढे काय झाले?

ते टिकले. १९०४ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी अशा तेलांतील खास आम्ले वेगळी केली. तरी अडचण होतीच. पोटात घेतले तर उलट्या आणि टोचले तर गाठी. हवाईतील तरुण रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलिस बॉल यांनी १९१५ च्या सुमारास तेलापासून टोचता येईल असे रूप तयार केले. पुढच्याच वर्षी, अवघ्या २४ व्या वर्षी, त्या वारल्या. मग १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. आता गावात मिळणाऱ्या पाकिटात रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन असते; त्यातले डॅप्सोन हे त्याच सल्फोन कुळातले.