विश्लेषण : विजेच्या ट्रामपासून चुंबकसूची वाचवणारे नानाभॉय मूस कोण होते?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार केंद्र आहे. वातावरणाच्या वरच्या थरातील वारे तिथे मोजले जातात. या संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईजवळ, नवीन पनवेलला असले तरी तिचे मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणजे नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस.

इंजिनीअर ते संचालक

मूस यांचा जन्म १८५९ मध्ये पारशी कुटुंबात झाला. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ते एडिंबराला गेले. परतल्यावर काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले आणि १८९६ मध्ये कुलाब्याची सूत्रे हाती घेतली. १९१९ पर्यंत ते तिथेच होते.

वेधशाळेत नेमके काय मोजत?

टांगलेल्या चुंबकसूचीची सूक्ष्म हालचाल. तुमच्या मोबाइलमधील होकायंत्रही हेच चुंबकीय क्षेत्र मोजते. फोन स्पीकरजवळ नेला तर दिशा चुकते, ती स्पीकरमधील चुंबकामुळे. मुंबईत पृथ्वीचे हे क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला भरते आणि दिवसभरात त्यात होणारा चढउतार असतो जेमतेम काही दशकांचा. एवढासा फरक टिपायचा तर आसपास लोखंडही नको आणि विजेचा प्रवाहही नको. कुलाब्यात १८४१ पासून या नोंदी चालू होत्या.

मग ट्राम आडवी आली

१८७४ पासून मुंबईची ट्राम घोडे ओढत होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर ती विजेवर चालवण्याचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत झिरपतो. त्याने कुलाब्याची सूची दिवसभर थरथरली असती. शहराला ट्राम हवी होती, म्हणजे हटायचे ते वेधशाळेनेच.

सामान उचलून दुसरीकडे मांडले, असे मात्र इथे चालत नाही. प्रत्येक जागेचे क्षेत्र वेगळे असते. जुन्या आणि नव्या जागेतील फरक कळला नाही, तर साठ वर्षांची मालिका तिथेच तुटते. मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. इमारतीसाठी आपला नेहमीचा काळा दगड चालणार नव्हता, कारण सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असते. म्हणून पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंडी खिळे, बिजागऱ्या कटाक्षाने टाळल्या. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. त्यानंतर सुमारे दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालले आणि त्यातून दोन जागांमधील फरक काढता आला. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. हा जोडकाळ मिळवला, हेच मूस यांचे सर्वात मोठे काम म्हणावे लागेल. संचालकपद हा मान झाला.

कागदावरची साठ वर्षे

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदी तपासून, विश्लेषणासह त्यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. चुंबकीय वादळात क्षेत्राचा आडवा घटक घसरतो आणि वादळ ओसरल्यावर सावकाश पूर्वपदावर येतो, हे त्यात स्पष्ट मांडले आहे. संगणक सोडाच, साधे विजेवरचे गणकयंत्रही नसताना!

आज त्याचा उपयोग काय?

मूस जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला, सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. पृथ्वीवरील बहुतेक वेधशाळा तेव्हा उत्तरेकडे होत्या; विषुववृत्ताच्या बाजूने त्या वादळाची अत्यंत मोलाची नोंद कुलाब्याच्या दप्तरात सापडली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि परदेशी संशोधकांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे दिसले. असे वादळ आज आले तर वीजवाहिन्या, उपग्रह आणि जीपीएस यांचे किती नुकसान होईल, याचा अंदाज बांधताना हा आकडा जगभर वापरला जातो.

मूस १९३६ मध्ये वारले. अलिबागची वेधशाळा अजूनही नोंदी घेते.