हॉरेस वेल्स : भूल देणारा, भुलीत हरपलेला

हॉरेस वेल्स यांना अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभले. २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात त्यांचा जन्म झाला आणि २४ जानेवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यांनी आपल्या हाताने आयुष्य संपवले. शस्त्रक्रियेतील वेदना दूर करण्याची वाट दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. मात्र त्यांचा अखेरचा आठवडा चरित्रलेखांतून बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो आठवडा क्लोरोफॉर्म हुंगण्यात गेला होता. व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचे सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असताना नेमका तोच आठवडा सविस्तर पाहण्याजोगा आहे.

वेल्स खात्यापित्या घरातले. दंतवैद्यकाचे महाविद्यालय त्या काळी अमेरिकेत नव्हते; १८३४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ते बोस्टनला गेले आणि जुन्याजाणत्या दंतवैद्यांच्या हाताखाली कसब शिकले. १८३६ मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात दवाखाना थाटला. दोन वर्षांत दातांविषयीची एक पुस्तिका लिहिली, एलिझाबेथ वेल्स यांच्याशी विवाह केला, पुढच्याच वर्षी मुलगा झाला. डोके कल्पक, हात कुशल आणि स्वभाव हळवा. कोळसा चाळण्याचे यंत्रही त्यांनी तयार केले होते. एक काम सुरू असताना दुसऱ्याचा ध्यास घेणारा हा माणूस होता, आणि ही अस्वस्थता त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही.

दात उपटणे ही तेव्हा रोग्यासाठी यातना आणि हळव्या वैद्यासाठी शिक्षाच होती. गंमत अशी, की यावरचा उपाय अर्धशतकापूर्वीच कागदावर आलेला होता. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये नायट्रस ऑक्साईड हा वायू तयार केला होता. ब्रिस्टल येथे तो स्वतः वारंवार हुंगून पाहणाऱ्या हम्फ्री डेव्ही या विशीतल्या तरुणाने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे सुचवले होते. ती सूचना कोणी उचलली नाही. उचलला गेला तो वायूचा कैफ. हसवणारा वायू म्हणून त्याचे जाहीर खेळ होऊ लागले. इथर हुंगण्याच्या मेजवान्या तरुणांत लोकप्रिय झाल्या. जॉर्जियातील डॉक्टर क्रॉफर्ड लाँग यांनी अशाच मेजवान्यांत तरुणांना आपटूनही दुखत नाही हे पाहिले आणि १८४२ मध्ये इथर देऊन मानेवरची गाठ काढली. पण ते वर्तमान त्यांनी कित्येक वर्षे प्रसिद्धच केले नाही. म्हणजे औषध आणि नशा यांची पहिली भेट करमणुकीच्या मांडवात झाली, असे म्हणायला हरकत नाही.

१० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी गार्डनर कोल्टन यांनी हार्टफर्डच्या युनियन हॉलमध्ये असाच खेळ लावला होता. वेल्स प्रेक्षकांत होते. औषधाच्या दुकानात काम करणारा सॅम्युएल कूली हा तरुण वायू हुंगून उड्या मारू लागला आणि त्याचा पाय बाकावर जोरात आदळला. कैफ उतरेपर्यंत त्याला आपली जखम जाणवलीच नाही. सभागृह हसत होते. वेल्स मात्र त्या पायाकडे पाहत राहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टन यांना दवाखान्यात बोलावले, स्वतः वायू हुंगला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दाढ काढवून घेतली. वेदना झाली नाही. पुढील काही आठवड्यांत त्यांनी डझनभर रोग्यांवर हा प्रयोग केला. शोधाचे पेटंट घेण्याचा विचार त्यांनी केला नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे.

१८४५ च्या जानेवारीत ते बोस्टनला गेले. नामवंत शल्यविशारद जॉन कॉलिन्स वॉरन यांच्या परवानगीने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरले. वायूची पिशवी बहुधा वेळेआधीच दूर झाली. दात निघताना रोगी ओरडला. विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, भोंदूगिरी ठरवून मोकळे झाले. आपल्याला फारसे दुखले नाही, असे त्या रोग्याने नंतर सांगितल्याचे वेल्स यांनी नोंदवले आहे. पण तेव्हा ते ऐकायला कोणी थांबले नव्हते. वेल्स खचून परतले. दवाखाना कधी सुरू, कधी बंद असे चालू झाले. कॅनरी पक्ष्यांचा व्यापार करून पाहिला, पुढे चित्रांचाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये इथरचे प्रात्यक्षिक यशस्वी झाले, आणि ते करणारे विल्यम मॉर्टन हे एकेकाळचे वेल्स यांचेच विद्यार्थी व भागीदार होते. मग श्रेयाचा वाद पेटला. वेल्स पॅरिसला जाऊन आपली बाजू मांडून आले, १८४७ मध्ये पुस्तिका लिहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. गोडसर वासाचे, थोड्या थेंबांत काम करणारे, मोठ्या पिशव्यांची गरज नसलेले हे द्रव्य सर्वांनाच वरदान वाटले.

जानेवारी १८४८ मध्ये वेल्स पत्नी आणि मुलाला हार्टफर्डमध्ये ठेवून न्यूयॉर्कला आले. एकटे घर, हाती क्लोरोफॉर्म, मनात हरल्याचा सल. कोणते द्रव्य अधिक सुरक्षित हे ठरवण्यासाठी ते स्वतःवर प्रयोग करू लागले. मात्र काही दिवसांतच प्रयोग कुठे थांबला आणि ओढ कुठे सुरू झाली, हे त्यांनाही सांगता आले नसते. मोजमाप करणारा आणि मोजला जाणारा एकच असेल, तर भान सुटल्याची नोंद कोण करणार? आठवडाभर ते वारंवार क्लोरोफॉर्म हुंगत राहिले. २१ जानेवारीला, आपल्या तेहतिसाव्या वाढदिवशी, त्या धुंदीत ते ब्रॉडवेवर आले आणि रस्त्यावरच्या दोन वेश्यांच्या अंगावर त्यांनी तेजाब फेकले. त्यांना अटक झाली. कोठडीत कैफ उतरल्यावर आपण काय केले हे त्यांना उमगले आणि त्या लज्जेतून ते बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृतदेह सापडला. क्लोरोफॉर्मची बाटली शेवटीही जवळ होती.

वेल्स यांच्याविषयी हळहळ वाटते, ती योग्यच आहे. पण त्यांना हुतात्मा ठरवणाऱ्या लेखनात त्या दोन स्त्रियांचा उल्लेख येतो तो केवळ त्यांच्या पतनाची खूण म्हणून. भाजलेल्या त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, याची वास्तपुस्त फारशी कोणी केली नाही. द्रव्य हुंगणाऱ्याच्या नशेची किंमत अनेकदा भलत्यालाच मोजावी लागते, हे १८४८ मध्येही खरे होते.

वेल्स यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी, २८ जानेवारीला, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्मच्या भुलीतला हा पहिला नोंदलेला मृत्यू. तो श्वास थांबून झाला की हृदय, यावर पुढे अर्धशतक भांडण चालले आणि त्याचा एक मोठा अंक आपल्या हैदराबादेत घडला. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामांच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगाने प्राण्यांवर शेकडो प्रयोग केले. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा, असा त्याचा निष्कर्ष होता. तो अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मखाली असलेल्या शरीरात अॅड्रेनलिन वाढले, तर हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते.

ही माहिती केवळ भूलशास्त्राची राहिली नाही. १९७० मध्ये मिलर्ड बास या अमेरिकी वैद्याने द्रव्ये हुंगून तडकाफडकी मरण पावलेल्या ११० तरुणांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. अनेक मृत्यू हुंगल्यानंतर धावपळ किंवा ताण झाला तेव्हा घडले होते. कारण तेच: बाष्पाने हळवे झालेले हृदय आणि भीतीने उसळलेले अॅड्रेनलिन. अशा मुलाला पाहून आरडाओरडा करणे, त्याच्यामागे धावणे धोक्याचे असते ते यासाठी. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत न्यावे, तो बेशुद्ध वाटल्यास तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. असा मृत्यू पहिल्याच वेळीही येऊ शकतो.

भारतात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची द्रव्ये हा एकच वर्ग असा आढळला, ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. मदतीची गरज असलेल्या मुलांचा अंदाज ४.६ लाख होता. बाटलीबंद व्हाइटनर व थिनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. पंक्चरचे सोल्युशन मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ते ओढणारा मुलगा पुष्कळदा भुकेला, एकटा आणि घरापासून तुटलेला असतो. वेल्स भुकेले नव्हते. एकटे मात्र होते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ या विनामूल्य मदतवाहिन्या आज आहेत. त्यांच्या काळी या ओढीला आजार मानण्याचीही रीत नव्हती.

वेदनारहित शस्त्रक्रियेचा पहिला मान वेल्स यांचा, असे पॅरिसच्या वैद्यकसंस्थेने मान्य केल्याचे वृत्त अमेरिकेत पोहोचले, तेव्हा ते हयात नव्हते. कोल्टन यांनी १८६३ मध्ये नायट्रस ऑक्साईड पुन्हा दवाखान्यात आणले आणि या वेळी तो तिथे टिकला. १८६४ मध्ये अमेरिकेच्या दंतवैद्यक संघाने वेल्स यांचे श्रेय मान्य केले, १८७० मध्ये वैद्यक संघाने. १८७५ मध्ये हार्टफर्डच्या बुशनेल उद्यानात त्यांचा पुतळा उभा राहिला.