लक्ष्मीबाई टिळक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागावयास मी गेल्या महिन्यात घरोघर हिंडले. प्रदर्शनासाठी पापड लाटण्यास वीस जणी लगेच तयार झाल्या. लेखाचे नाव काढताच मात्र प्रत्येकीने हात झटकले. आमचे शिक्षण बेताचे, आम्ही काय लिहिणार, हेच उत्तर सगळ्यांकडून मिळाले. तेव्हाच मी ठरविले की यंदा आपण लक्ष्मीबाई टिळकांवर लिहावयाचे. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आपल्या वाचनवर्गात दोन हिवाळे चालले होते, हे जुन्या सभासद भगिनींना आठवत असेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड. त्या धुण्यापुसण्याच्या जाचात मुलांचे बालपण गेले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो तेच हे टिळक. कवीशी संसार करणे ही काय चीज आहे हे त्या घरच्या बाईलाच ठाऊक! टिळक मोठ्या मनाचे, तितकेच तापट. आज या गावी नोकरी, उद्या दुसऱ्या. हातात पैसा आला की तो मागणाऱ्याचा. घरात पीठ आहे की नाही याची त्यांना फिकीर नसे. मन लागले नाही की न सांगता निघून जात. पहिली मुले हाती लागली नाहीत, ते दुःख निराळेच. १८९१ साली दत्तू झाला, तो जगला.

टिळकांचे बिऱ्हाड काही काळ नागपुरास होते. नाशिकहून नागपूरला जाणारी गाडी आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जाते. वाचनवर्गात हा भाग आला तेव्हा, त्या आपल्या फलाटावरून गेल्या म्हणजे, असे एक वृद्ध सभासद हळूच म्हणाल्या आणि सर्वांना त्या बाईंबद्दल एकदम आपलेपण वाटू लागले. याच मार्गाने पुढे, नागपूरहून राजनांदगावला जाताना, टिळकांना आगगाडीत एक गोरे गृहस्थ भेटले आणि त्यांनी बायबल वाचावयास दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरी चार वर्षांचा मुलगा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही! त्या काळच्या ब्राह्मण घरात याहून मोठा आकांत कोणता? बाईंच्या जिवाचे पाणी पाणी झाले. नातलगांच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या. टिळकांची पत्रे येत, तेही येत. नातलग एकीकडे ओढीत, नवरा दुसरीकडे.

आपण पतिव्रता म्हणतो ती कशी असावी? पतीमागून मुकाट चालणारी, असे मला लहानपणी शिकविले होते. लक्ष्मीबाई मुकाट गेल्या नाहीत. पतीला टाकलेही नाही. काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरास आल्या त्या आपल्या धर्मासह आल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. एवढा तापट माणूस, पण या बाबतीत त्यांनी धीर धरला, हे मला त्यांच्या कवितांपेक्षा मोठे वाटते.

मग महाबळेश्वरच्या मुक्कामात बाईंच्या मनाने उसळी घेतली. माणसामाणसांत ही शिवाशीव देवाने केली की माणसाने, असा त्या विचार करीत बसल्या, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास मोकळ्या झाल्या. सोवळ्यापायी सारे घर वेठीला धरणाऱ्या बापाची ही लेक! वाचनवर्गात मी हे वाचले त्या दिवशी चहा झाला तो कोणी केला याकडे दोघीतिघी बघत राहिल्या होत्या. नावे सांगत नाही. १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःला पटले म्हणून.

पुढले आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांत गेले. दुष्काळाने पोरकी झालेली मुले टिळक घरी आणीत. आणण्याचे काम टिळकांचे, नहाणमाखण आणि पोटाला घालण्याचे बाईंचे. नगरास प्लेग आला तेव्हा मिशनच्या आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. चर्चच्या कामात कोणाच्याही घरचे दुखणेखुपणे त्यांना परके नव्हते. बालकवी ठोमरे नगरच्या घरी राहावयास आले तेव्हा त्या हळव्या, रुसक्या पोराची समजूतही याच माउलीने घातली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. ते १९१९ साली मुंबईस वारले.

यानंतरच्या लक्ष्मीबाई मला अधिक आवडतात. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. त्यातले उरलेले बहुतेक अध्याय बाईंनी लिहिले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागू लागला आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्माला आली. तेव्हा बाईंचे वय पन्नाशीच्या पुढे होते. लिहिणेवाचणे लग्नानंतर टिळकांकडून शिकलेले. १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकाचे चार भाग निघाले. स्वयंपाकघरात दोन जावा बोलाव्यात तशी त्यातली भाषा. स्वतःची फजिती सांगताना त्या हसतात, आणि नवऱ्याचा रागही झाकीत नाहीत. एवढे सांगूनही वाचणाऱ्याच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते.

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना खडसावून जाब विचारला होता. लक्ष्मीबाई चिडल्या नाहीत. त्यांनी घरात घडले ते सांगितले. दोघींची पुस्तके मी शेजारी शेजारी ठेवते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या.

लेख संपवून वर पाहते तो शेजारच्या वन्सं दारात उभ्या. हातात वहीची फाडलेली चार पाने. सासूबाईंच्या आठवणी लिहिल्या आहेत, शुद्धलेखन तेवढे तुम्ही बघा, म्हणाल्या. ती पाने याच स्मरणिकेत पुढे छापली आहेत. शुद्धलेखन मी फारसे बदललेले नाही.