कॅरोलिन हॅस्लेट : घरातल्या विजेच्या पहारेकरी

विद्यार्थी मित्रांनो, परभणीचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. मे महिन्यात भर दुपारी रस्ते ओस पडतात. परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, घराघरातून कूलरचा आवाज येत असतो. खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर, त्यात बादलीने पाणी ओतणारी अम्मी आणि थंड हवा खाण्यासाठी कूलरला चिकटून उभी राहणारी लहान भावंडे, हे दृश्य तुम्ही रोज पाहता. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? येथे पत्रा आहे, पाणी आहे आणि वीजही आहे. ही तिन्ही एकत्र आली आणि वायरीत कोठे दोष असला, तर जीव जायला वेळ लागत नाही. कूलरचा शॉक बसून माणूस दगावल्याची बातमी उन्हाळ्यात तुम्हीही ऐकली असेल.

अशा वेळी आपण काय म्हणतो? मुलांनी जपून राहायला हवे होते, असे म्हणतो. परंतु दोन वर्षांचे मूल जपून कसे राहील? त्याला भिंतीवर भोक दिसले की त्यात बोट घालावेसे वाटते. मग जपायचे कोणी? ज्यांनी वीज घरात आणली, त्यांनीच ती अशी आणली पाहिजे की लहान मुलाच्या हातून चूक झाली तरी ते सुखरूप राहील. ज्या लोकांनी हा विचार पुढे नेला, त्यांत ब्रिटनच्या एका बाईंचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. त्यांचे नाव कॅरोलिन हॅस्लेट.

कॅरोलिन यांचा जन्म 17 ऑगस्ट 1895 रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. त्यांचे वडील रेल्वेत कामाला होते. सिग्नल बसवणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हे त्यांचे काम होते. तुमच्यापैकी पूर्णा किंवा परभणी स्टेशनजवळ राहणाऱ्या मुलांना सिग्नलचे महत्त्व ठाऊक आहे. सिग्नल लाल असला की गाडी थांबते आणि शेकडो प्रवासी वाचतात. अशा घरात कॅरोलिन वाढली.

त्या काळी मुलींनी यंत्रांना हात लावावा, असे कोणाला वाटत नसे. शाळा संपल्यावर कॅरोलिनने कार्यालयातील कामाचे शिक्षण घेतले. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तेव्हा ब्रिटनमध्ये चळवळ चालू होती. त्या चळवळीतही ती सामील झाली. पुढे बॉयलर तयार करणाऱ्या एका कंपनीत तिला कारकुनाची नोकरी मिळाली. टेबलाजवळ बसून पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे हे तिचे काम होते.

इतक्यात 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. कारखान्यातील पुरुष लढाईवर गेले आणि त्यांच्या जागी स्त्रिया काम करू लागल्या. कॅरोलिनलाही कारखान्यात जाण्याची संधी मिळाली. तिने ती सोडली नाही. लंडनमध्ये आणि नंतर स्कॉटलंडमधील ॲनन या गावी कंपनीच्या कारखान्यात तिने यंत्रांचे काम शिकून घेतले. कालची कारकून आता इंजिनिअरिंग जाणू लागली.

1918 साली युद्ध संपले. पुरुष परत आले आणि कारखान्यांतील स्त्रियांना कामावरून कमी करण्यात येऊ लागले. ज्यांनी चार वर्षे यंत्रे चालवली, त्यांना पुन्हा घरी बसा असे सांगण्यात आले. हा अन्याय दूर व्हावा म्हणून 1919 साली काही स्त्रियांनी महिला इंजिनिअरांची एक संस्था स्थापन केली. कॅरोलिन हॅस्लेट या संस्थेच्या पहिल्या चिटणीस झाल्या. संस्थेच्या नियतकालिकाचे संपादनही त्या करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

मुलांनो, त्या काळी ब्रिटनमध्येही बहुतेक घरांत वीज नव्हती. कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक होई. हाताने कपडे धुवावे लागत. कोळशाची राख काढता काढता बायकांचा दिवस संपत असे. घरात वीज आली तर बायकांचे कष्ट निम्मे होतील, असे हॅस्लेटबाईंना मनापासून वाटे. पण विजेची भीतीही लोकांना तितकीच होती आणि ती भीती खोटी नव्हती. म्हणून 1924 साली स्त्रियांची एक विद्युत संघटना स्थापन झाली, तेव्हा हॅस्लेटबाई तिच्या संचालक झाल्या. पुढे सुमारे बत्तीस वर्षे त्यांनी हे काम पाहिले.

ही संघटना काय करत असे? ती गावोगावी स्त्रियांना विजेची ओळख करून देई. फ्यूज म्हणजे काय, तो का उडतो, उडाल्यावर कसा बदलावा, प्लगला वायर कशी जोडावी, अशा गोष्टी ती शिकवी. 1934 साली संघटनेने स्त्रियांसाठी विजेवर एक मोठे पुस्तक काढले. त्याचे संपादन हॅस्लेटबाईंनीच केले. संघटनेचे दुसरे काम याहून महत्त्वाचे होते. घरात विजेची उपकरणे वापरताना स्त्रियांना कोणत्या अडचणी येतात, हे ती विचारून घेई आणि त्यांचे म्हणणे कारखानदारांपर्यंत पोहोचवी. वस्तू बनवणारा एक आणि वापरणारा दुसरा असला की अशी देवाणघेवाण फार गरजेची असते.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे वळू. 1939 साली हे युद्ध सुरू झाले आणि जर्मनीच्या बॉम्बहल्ल्यांत ब्रिटनमधील असंख्य घरे पडली. युद्ध संपल्यावर लाखो घरे नव्याने बांधावी लागणार होती. या नव्या घरांत वीज कशी असावी, हे ठरवण्यासाठी 1942 साली तेथील विद्युत इंजिनिअरांच्या संस्थेने वीस जणांची एक समिती नेमली. त्या वीस जणांत एकच स्त्री होती. ती म्हणजे कॅरोलिन हॅस्लेट. घरातील सुरक्षिततेच्या त्या जाणकार होत्या. लहान मुलांना धोका होऊ नये, ही गोष्ट या समितीने महत्त्वाची मानली.

समितीपुढे तीन प्रश्न होते. ते नीट समजून घ्या, कारण ते आपल्याही घरातले आहेत.

पहिला प्रश्न तांब्याचा होता. युद्धामुळे तांबे मिळणे कठीण झाले होते आणि विजेच्या तारा तांब्याच्या असतात. समितीने सुचवले की फ्यूजच्या पेटीतून निघालेली तार सर्व खोल्यांतून फिरून पुन्हा पेटीत आणावी. ती अंगठीसारखी गोल फिरते. अशा तारेत प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज मिळते, त्यामुळे कमी जाडीची तार पुरते.

दुसरा प्रश्न त्यातूनच निघाला. या गोल तारेचा मुख्य फ्यूज 30 अँपिअरचा होता. फ्यूज म्हणजे लवकर वितळणारी तारच. ठरलेल्या मापापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ही तार तापून वितळते आणि वीज बंद होते. स्वतः जळून घर वाचवणारा हा पहारेकरी आहे. पण टेबलावरच्या लहान दिव्याची वायर बारीक असते. तिच्यात दोष निर्माण झाला, तर 30 अँपिअरचा फ्यूज वितळण्याआधी ती बारीक वायरच पेट घेईल. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लगमध्ये एक छोटा फ्यूज बसवायचे ठरले. दिव्यासाठी लहान आणि मोठ्या शेगडीसाठी 13 अँपिअरचा. ज्याचा त्याचा पहारेकरी ज्याच्या त्याच्या दारात उभा राहिला.

तिसरा प्रश्न लहान मुलांच्या बोटांचा होता. सॉकेटची भोके उघडी असतात. मूल त्यात खिळा किंवा तार घालू शकते. फ्यूजने येथे भागत नाही. घर जाळायला पुष्कळ वीज लागते, पण माणसाचा जीव घ्यायला अगदी थोडी वीज पुरते. तेवढ्या विजेने फ्यूज वितळतही नाही. मग करायचे काय? प्लगची तिसरी पिन जमिनीला जोडलेली असते. ती आधीपासूनच इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवत असत. उपकरणाच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन लांब असल्यामुळे प्लग लावताना जमिनीशी जोड सर्वांत आधी होते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. नव्या सॉकेटमध्ये या लांब पिनेला आणखी एक काम मिळाले. वीज असलेल्या भोकांवर आतून पडदे बसवण्यात आले. लांब पिन आत शिरली की तिच्या दाबाने पडदे बाजूला सरकतात आणि मग उरलेल्या दोन पिना आत जातात. प्लग काढला की पडदे पुन्हा बंद. मुलाने एका भोकात खिळा घातला, तर तो पडद्यावर अडतो.

समितीचा अहवाल 1944 साली प्रसिद्ध झाला आणि 1947 साली या प्लगचे व सॉकेटचे ब्रिटनमधील प्रमाण ठरले. आजही तेथील घराघरात हाच प्लग वापरतात. हे काम एकट्या हॅस्लेटबाईंचे नव्हते. इंजिनिअरांनी मिळून ते केले. पण त्या वीस जणांत घरातल्या मुलाबाळांचे रोजचे जगणे जाणणारी एक व्यक्ती होती, ही फार मोलाची गोष्ट ठरली.

त्याच वर्षी हॅस्लेटबाईंना ब्रिटनचा 'डेम' हा मोठा किताब मिळाला. देशाचा वीजपुरवठा पाहणाऱ्या नव्या सरकारी मंडळावर सदस्य म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. वीजकेंद्रांना कोळसा पुरवणाऱ्या एका जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. 4 जानेवारी 1957 रोजी त्यांचे निधन झाले.

1947 हे आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचेही वर्ष. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. भारतात ब्रिटनचा जुना, गोल पिनांचा प्लगच चालू राहिला. म्हणून आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. तो भिंतीवरच्या बोर्डात किंवा मीटरजवळ असतो. पण जाड आणि लांब तिसरी पिन आपल्याकडेही आहे आणि आतून पडदे असलेली सॉकेटही बाजारात मिळतात.

मित्रांनो, आता आपल्या घरांकडे पाहू. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्यात जाड तार बांधतो. असे करणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचे औषध देणे होय. फ्यूज उडाला, तर तो का उडाला हे शोधले पाहिजे. कोणी सॉकेट लहान आहे म्हणून तिसरी पिन कापून टाकतो. कोणी प्लग नाही म्हणून वायरीची उघडी टोके सॉकेटात घालून त्यांना आगपेटीच्या काड्या खोचतो. काही घरांत तिसरी पिन असते, पण तिची तार जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नसते. मग ती पिन नुसती शोभेची ठरते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. सॉकेट किंवा बोर्ड उघडू नका, कशालाही हात लावू नका, फक्त पाहा. कूलरच्या प्लगला तिन्ही पिना आहेत का? वायर कोठे सोललेली आहे का? उघड्या तारा कोठे खोचल्या आहेत का? जे दिसेल ते वहीत लिहा आणि अब्बांना किंवा मोठ्या भावाला दाखवा. जमिनीची जोड नीट आहे की नाही, हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्यायला सांगा. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढून ठेवायचा, हा नियम अम्मीला आणि बहिणीलाही सांगा.

धोका दिसला की आपण मुलांवर ओरडतो. हॅस्लेटबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉकेटच बदलून टाकले. तुमच्यापैकी कोणी उद्या वायरमन होईल, कोणी इंजिनिअर होईल, कोणी आपले घर बांधील. वीज घरात आणताना त्या घरातल्या सर्वांत लहान मुलाची आठवण ठेवा.