अंकांची अक्षरे करणारे कापरेकर मास्तर

गोंदियाचा टेलिफोनचा एसटीडी कोड ०७१८२. पीसीओसमोर रांग लागण्याचे दिवस होते, तेव्हा नागपूर-मुंबईला गेलेल्या गोंदियाकराला हा आकडा तोंडपाठ असे. मोबाइल आल्यापासून तो फिरवण्याची वेळ क्वचितच येते. पण आज रविवार आहे, घरात कागद-पेन्सिल असेलच. सुरुवातीचे शून्य बाजूला ठेवा आणि ७, १, ८, २ हे चार अंक घ्या. आधी ते उतरत्या क्रमाने लावा: ८७२१. मग चढत्या क्रमाने: १२७८. मोठ्यातून लहान वजा करा. येतात ७४४३. या उत्तराचे अंक पुन्हा तसेच लावून वजाबाकी करा: ७४४३ उणे ३४४७, म्हणजे ३९९६. पुढे ९९६३ उणे ३६९९, ६२६४. मग ६६४२ उणे २४६६, ४१७६. आणि ७६४१ उणे १४६७, ६१७४. आता आणखी एकदा करून पाहा. ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! गाडी शेवटच्या स्टेशनात येऊन उभी राहिली.

तुमच्या स्कूटरचा नंबर घ्या, जन्माचे साल घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता. या आकड्याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि तो शोधला नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून. त्यांनीच मुलाला वाढवले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका खरी ठरते की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते, आणि ती गोडी मुलाने घरातच उचलली. ग्रह वडिलांकडे राहिले, आकडे मुलाकडे आले. ठाण्याच्या शाळेत असताना तासन्तास कोडी सोडवण्यात जात. पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि औपचारिक शिक्षण तिथेच संपले. ज्याला आज आपण संशोधक म्हणू, त्याच्या नावापुढे एवढीच पदवी होती.

१९३० साली ते देवळालीच्या शाळेत लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. लष्करी छावणीचे गाव. विद्यापीठ नाही, मोठे ग्रंथालय नाही, गणितावर बोलायला बरोबरीचा माणूस नाही. सायकलवरून शिकवण्यांना जायचे, सवड मिळाली की नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचा, अशी त्यांची रीत. यंत्र हाताशी नव्हते. पाने भरभरून केलेली आकडेमोड हीच त्यांची प्रयोगशाळा.

आणि काय काय सापडले त्यांना! ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. या झाल्या कापरेकर संख्या. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्यांना भाग जातो, त्यांना त्यांनी नाव दिले हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या. १२ ही हर्षद आहे, ६१७४ हीसुद्धा आहे, आणि रामानुजनांमुळे गाजलेली १७२९ देखील आहे. जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्या स्टेशनाच्या नावावरून डेम्लो संख्या म्हटले: १६५ मध्ये कडेचे १ आणि ५ मिळून मधला ६, २५५३ मध्ये कडेचे २ आणि ३ मिळून मधला ५. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते, २१ पासून २४. पण २० ला अशी कुणी जननीच नाही. अशा संख्या स्वयंभू, आणि त्यांचे दुसरे नाव देवळाली संख्या. आपल्या गावाचे नाव गणितात नेऊन ठेवणारा शाळामास्तर विरळाच.

६१७४ चा शोध १९४९ सालचा. त्या वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तो छापून आला.

या खेळाची किल्ली वजाबाकीत नाही, अंक क्रमाने लावण्यात आहे. ७१८२ काय, ८१७२ काय किंवा २८१७ काय, एकदा क्रम लावला की सगळ्यांचे १२७८ च होते. म्हणजे शून्य-शून्य-शून्य-शून्यापासून नऊ-नऊ-नऊ-नऊपर्यंतच्या १०,००० चौकड्यांतून चारही अंक सारखे असलेल्या १० वगळल्या, की उरलेल्या ९,९९० चे फक्त ७०५ गट राहतात. आणि गंमत पुढेच आहे. क्रम लावल्यावर पहिला आणि शेवटचा अंक यांतला फरक घ्या, मधल्या दोन अंकांतला फरक घ्या. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजेच वजाबाकीचे उत्तर. ७, ६, ४, १ मध्ये हे फरक ६ आणि २. सहा नव्व्याण्णवे-नऊशे ५,९९४ आणि दोन नव्वदे १८०, मिळून ६,१७४. फरकांच्या अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. म्हणजे दहा हजार चौकड्यांचा पसारा ५४ ओळींच्या तक्त्यात मावतो, आणि तो तक्ता कुणालाही एका दुपारी हाताने करता येईल. सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना द्यायला याहून बरे काम नाही.

मग या माणसाचे कौतुक का झाले नाही? त्या काळच्या आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे. मोठी नियतकालिके दारात उभी करीत नसत. कापरेकर मग लहानसहान मासिकांत लिहीत, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापून घेत. स्वयंभू संख्यांवरची १९६३ सालची पुस्तिका अशीच देवळालीहून निघाली.

टीकाकारांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असेही नाही. संख्या ही एक गोष्ट आणि ती लिहिण्याची पद्धत ही दुसरी. बारा आंबे बाराच राहतात, मग ते आकड्यांत लिहा, रोमन लिपीत लिहा किंवा काड्या ओढून दाखवा. अंकांचा क्रम बदलणे म्हणजे आंब्यांना हात न लावता पाटीवरची अक्षरे हलवणे. आपल्या हाताला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ६१७४ चा हा चमत्कार उरलाच नसता. तेव्हा शुद्ध गणिताच्या दृष्टीने हा लेखनपद्धतीतून निघालेला योगायोग, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण समजण्यासारखे असले तरी ते अपुरे होते. कापरेकरांनी संख्येकडे अक्षरांची माळ म्हणून पाहिले. प्रत्येक मणी सुटा करायचा, क्रमाने ओवायचा, उलटा ओवायचा. ज्याला हसले गेले ते नेमके हेच.

आज गोंदियात काय किंवा नाशकात काय, संगणकाच्या वर्गात बसलेल्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच हेच काम दिले जाते. अक्षरांच्या माळेला तिथे स्ट्रिंग म्हणतात, आणि प्रश्न असतो: दिलेल्या स्ट्रिंगमधली अक्षरे क्रमाने लावा. संगणकाला ७१८२ हा आकडा म्हणून दिला, तर तो सात हजार एकशे ब्याऐंशी एवढी रक्कम समजतो. तिच्यात सात कुठे, एक कुठे, हे त्याच्या लेखी नसतेच. आधी त्या रकमेची स्ट्रिंग करावी लागते. मग शेजारशेजारची दोन अक्षरे पाहायची, मोठे आधी असेल तर अदलाबदल करायची. ७ आणि १ बदलले, १७८२. ७ आणि ८ ठीक. ८ आणि २ बदलले, १७२८. पुन्हा सुरुवातीपासून: ७ आणि २ बदलले, १२७८. झाले. मोठे अक्षर पाण्यातल्या बुडबुड्यासारखे एका टोकाला सरकत जाते म्हणून या रीतीला बबल सॉर्ट म्हणतात. पायथनसारख्या भाषेत तर सॉर्टेड हा एक शब्द लिहिला की भागते. मग ती माळ उलटवायची, दोन्हींच्या पुन्हा रकमा करायच्या आणि वजाबाकी.

यात एक खड्डा आहे, नवखे त्यात हमखास पडतात. २१११ घ्या. २१११ उणे १११२, उत्तर ९९९. कागदावर कापरेकरांच्या रीतीने ते ०९९९ असे चार अंकीच लिहायचे. पुढे ९९९० उणे ०९९९, असे करत ६१७४ येतेच. पण संगणकाने उत्तराची रक्कम केली की डावीकडचे शून्य गळून पडते. मग ९९९ उणे ९९९, हाती शून्य, आणि खेळ खलास! रकमेच्या लेखी त्या शून्याला किंमत नाही; अक्षराच्या लेखी त्याची जागा ठरलेली आहे. हा फरक विद्यार्थ्याला एकदा कळला की आयुष्यभर पुरतो. एसटीडी कोडाचे पहिले शून्य गाळून फोन लावून पाहिलेल्यांना तो केव्हाच कळलेला आहे.

अंकांच्या बाबतीत हे सरळ जमते, कारण संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि अंकांचे क्रमांक ओळीने लागतात. आपल्या देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नऊचा २४१५. कमल आणि कलम यांची अक्षरे क्रमाने लावली तर दोन्हींचे कमल होते. दोन शब्द एकाच अक्षरांचे आहेत का, हे ओळखायची ही सोपी युक्ती. राम, मार आणि मरा या तिघांचेही शेवटी मरा होते, वाल्या कोळ्याची गोष्ट संगणकानेही ऐकली असावी. मात्र गोंदिया हा शब्द दिला तर फजिती. संगणक त्यात सात खुणा मोजतो. अनुस्वार सर्वांत पुढे, मग ग, द, य, आणि काना, वेलांटी, ओकार यांची मागे लोंबती रांग. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे केवढा तुकडा, हे आधी ठरवल्याशिवाय मराठी शब्दांना ही रीत लावता येत नाही.

कापरेकरांनी चौकड्यांपाशी थांबून चालणार नव्हते, आणि इतरांनीही थांबवले नाही. तीन अंकी संख्यांना हीच रीत लावली की ४९५ येतात. पाच अंकींना असे एकच मुक्कामाचे स्टेशन नाही. त्या ठरावीक संख्यांच्या फेऱ्यात फिरत राहतात.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरत नसे, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालवावे लागले. ज्यांची नावे पुस्तकांत कायमची राहतात, त्यांच्या घरातल्या हिशेबाची वही अशीही असते. शाळा मात्र बोलवत. मुलांपुढे आकड्यांचे खेळ मांडायला ते जात. मोठ्यांच्या सभेत जे हसण्यावारी नेले जाई, त्यावर मुले खूश होत.

दाद आली ती साता समुद्रापलीकडून. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती खेळांचे सदर जगभर वाचले जाई. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिले, आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. वय तेव्हा सत्तर. पंचेचाळीस वर्षे आधी शाळेत रुजू झालेल्या माणसाला शाबासकी मिळायला एवढा उशीर झाला, याची थोडी लाज आपण बाळगायला हरकत नाही.

कापरेकर १९८६ साली गेले. त्यांच्या जन्मसालाला त्यांचीच रीत लावून पाहा: ९५१० उणे ०१५९, ९३५१. मग ९५३१ उणे १३५९, ८१७२. निधनाचे साल घ्या: ९८६१ उणे १६८९, पहिल्याच फटक्यात ८१७२. म्हणजे गोंदियाच्या कोडाचेच चार अंक. मास्तरांचा आणि गोंदियाचा म्हणून काही खास संबंध सांगायचा नाही. इतक्या चौकड्या इतक्या थोड्या गटांत कोंबल्या की अशा गाठीभेटी होणारच. वडिलांनी मात्र यावरून पत्रिका मांडली असती. पुढचा रस्ता आपण वर पाहिलाच आहे: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. जन्मसालापासून मोजले तर बरोबर सात पायऱ्या.