अनवाणी पदार्पण

१९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम हा विंगर. १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या राखीव संघातून तो गॅल्स्टनविरुद्ध उतरला, तोही अनवाणी! बुटांची त्याला सवयच नव्हती. सेल्टिकचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायांना पट्ट्या बांधीत असल्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. राज्यकर्त्यांच्या देशात एका भारतीयाच्या पायांपाशी गोऱ्या गुरूने बसावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. सेल्टिकने सामना ७-१ असा जिंकला. वृत्तपत्रांनी सलीमचे कौतुक केले. व्यावसायिक खेळाडूचे वेतन आता हाताच्या अंतरावर होते. परंतु घरच्या ओढीपुढे त्याने अर्थलाभाचा हिशेब मांडलाच नाही. लवकरच तो कलकत्त्यास परतला आणि पुन्हा मोहमेडनकडून खेळू लागला.