शिवाजी महाराजांचा शक आणि नवी नावे

शिवाजी महाराजांच्या लढाया सगळ्यांना पाठ आहेत. अफजलखान आणि आग्र्याहून सुटका तर दरवर्षी कुणीतरी भित्तिपत्रकात लिहितेच. म्हणून मी महाराजांनी स्वतःचे साल कसे सुरू केले आणि नवी नावे कशी दिली ते लिहिणार आहे.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. आई जिजाबाई, वडील शहाजीराजे. आजोबा मालोजीराजे वेरूळचे. वेरूळ काही लांब नाही, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

लहान वयातच महाराज किल्ले घेऊ लागले. किल्ल्यांना ते नवी नावे देत. तोरण्याचे नाव प्रचंडगड ठेवले. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला. रायरीचा रायगड झाला. मला प्रचंडगड हे नाव लई आवडते, पण लोक अजून तोरणाच म्हणतात. आपल्याकडे निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. ते नाव पण गेले.

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. त्यासाठी काशीहून गागाभट्ट आले होते. त्यांचे घराणे मूळचे गोदाकाठच्या पैठणचे. त्या दिवसापासून महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. महिने चैत्र, वैशाख असे आपलेच ठेवले, पण साल ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलायचे. त्याआधी कागदांवर हिजरी, सुहूर, फसली अशी साले लिहीत. आमच्या आजाच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक जुना कागद आहे. त्याच्यावर उर्दू अक्षरे आणि फसली साल आहे, कारण १९४८ पर्यंत बीडवर निजामाचे राज्य होते. ज्याचे राज्य, त्याचे साल कागदावर. म्हणूनच महाराजांना स्वतःचे साल पाहिजे होते.

आम्ही पोरं चिंचेखाली राज्य राज्य खेळतो. आमच्या राज्यात हुरड्याचा महिना, बोरांचा महिना, चिंचांचा महिना असे महिने आहेत. पण वरच्या आळीची पोरं आमचे महिने मानत नाहीत. महाराजांचा शक मात्र राज्याच्या कागदांवर लिहू लागले. नवी नाणी पण पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. त्यांच्या एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती अशी अक्षरे होती.

मग भाषेचे काम. तेव्हा दरबारात फारसी शब्द फार होते. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांना त्यांच्या जागी संस्कृत शब्द द्यायला सांगितले. त्यातून राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात दहा वर्ग आहेत. किल्ल्यांच्या शब्दांचा दुर्गवर्ग आणि लिहिण्याच्या शब्दांचा लेखनवर्ग वेगळा. अष्टप्रधानांची नावेही बदलली. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती झाला. पेशव्याला पंतप्रधान म्हणायचे ठरले, पण लोकांनी पेशवा काही सोडला नाही.

गंमत म्हणजे आज दिल्लीत पंतप्रधान आहेत आणि मुंबईत मंत्री व सचिव आहेत. ते शब्द आता रोज बातम्यांत येतात. पण सारेच फारसी शब्द काही गेले नाहीत. आपण हजेरीला हजर म्हणतो, दप्तर घेऊन येतो, कागदावर शाईने लिहितो. हे चारही शब्द बाहेरूनच आलेले आहेत. मला वाटते, जे शब्द घराघरांत गेले ते कोशाने निघाले नाहीत. आज्जीला दप्तराला दुसरा शब्द विचारला, तर ती म्हणाली पिशवी.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज वारले. तेव्हा त्यांच्या शकाचे सहावेच साल चालू होते. पण त्यांच्यामागे तो शक बंद पडला नाही. पुढे पेशव्यांच्या काळातल्या कागदांवरसुद्धा तो लिहिलेला सापडतो.

(इयत्ता ४ थी)